एका गोलरक्षकाचे कन्कशन आणि चुकीच्या दिवशी घेतलेली बेसलाइन : प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण महिला फुटबॉलमधील एका १९ वर्षांच्या गोलरक्षकाचे आहे. ते तिच्या संमतीने मांडले असून ओळख पटू नये म्हणून संघ, स्पर्धा आणि हंगाम यांचे तपशील गाळले आहेत. प्रस्तुत लेखिका त्या संघाची वैद्यकीय सल्लागार होती. सामन्याच्या वेळी मैदानावर संघाची फिजिओ असे. कन्कशनची, म्हणजे डोक्याला बसलेल्या हादऱ्याने मेंदूच्या कामकाजात होणाऱ्या तात्पुरत्या बिघाडाची, शंका आली की खेळाडू माझ्याकडे येत असे आणि तिला पुन्हा केव्हा खेळू द्यायचे याचा अंतिम निर्णय माझा असे.

या खेळाडूला वयाच्या १५व्या वर्षी एकदा कन्कशन झाले होते आणि त्यातून बरे व्हायला तिला ३ आठवडे लागले होते. मायग्रेन, नैराश्य किंवा झोपेचा विकार असा इतिहास नव्हता.

हंगामाच्या आरंभी संघातील सर्व खेळाडूंची बेसलाइन, म्हणजे निरोगी असतानाची नोंद, घेण्यात आली होती. तिचा एक भाग स्कॅट-६ या प्रमाणित तपासणीचा होता. तीत २२ लक्षणांना प्रत्येकी ० ते ६ गुण दिले जातात, त्यामुळे लक्षणांची कमाल तीव्रता १३२ होते. शिवाय स्मरण, एकाग्रता आणि तोल तपासला जातो. दुसरा भाग त्या हंगामापासून सुरू केलेल्या ईईजीचा, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या विद्युत हालचाली टिपणाऱ्या तपासणीचा होता. खेळाडूच्या कानात एकाच प्रकारचा सूर पुन्हा पुन्हा वाजवतात, साधारण पाचांत एकदा वेगळा सूर येतो आणि तो ओळखला की तिने बटण दाबायचे असते. वेगळा सूर आल्याचे मेंदूला उमगते तेव्हा, सुमारे ३०० मिलिसेकंदांनंतर, डोक्याच्या मागच्या-वरच्या भागात एक धन विद्युत लहर उमटते. १९६५ पासून वर्णन झालेल्या या लहरीला पी-३०० म्हणतात. एकट्या सुराला मिळणारी लहर मेंदूच्या इतर विद्युत हालचालींत बुडून जाते, म्हणून अनेक प्रतिसादांची सरासरी काढावी लागते. हाती दोन आकडे येतात: लहर यायला लागलेला वेळ आणि तिची उंची. कन्कशननंतर लहर उशिरा येते आणि बुटकी होते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. क्षणात चेंडूची दिशा ओळखून झेप घेणाऱ्या गोलरक्षकाच्या बाबतीत ही लहर पाहावी असे आम्हाला वाटणे स्वाभाविक होते.

तिच्या बेसलाइनमध्ये लहर ३४२ मिलिसेकंदांना आली होती आणि तिची उंची ८.७ मायक्रोव्होल्ट होती. त्या वेळी या आकड्यांकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिले नाही. पुढचा सगळा पेच त्यांतूनच उभा राहिला.

घटना

सामन्याच्या ६१व्या मिनिटाला बाजूने आलेला उंच चेंडू झेलताना प्रतिस्पर्धी आक्रमक खेळाडूचा गुडघा तिच्या उजव्या कानशिलावर बसला. ती बेशुद्ध पडली नाही, मात्र काही क्षण गुडघ्यांवर बसून राहिली. फिजिओने मैदानात जाऊन नेहमीचे प्रश्न विचारले: आपण कुठे खेळत आहोत, कोणता अर्ध सुरू आहे, शेवटचा गोल कोणी केला, मागचा सामना कोणाशी होता, तो आपण जिंकलो का. पाचही उत्तरे बरोबर आली. "मला काही झालं नाही, मी खेळते," असे ती म्हणाली आणि तिला खेळू दिले गेले.

सहा मिनिटांनी प्रतिस्पर्ध्यांना फ्री किक मिळाली, तेव्हा तिने बचावाची भिंत चुकीच्या बाजूला उभी केली आणि सहकारी ओरडून सांगत असतानाही ती बदलली नाही. फिजिओने तत्काळ बदली खेळाडूची मागणी केली.

ही सहा मिनिटे आमच्याकडून झालेली पहिली चूक होती. पाच प्रश्नांची उत्तरे बरोबर येणे म्हणजे कन्कशन नसणे असा अर्थ होत नाही, आणि लक्षणे उशिराही उमटतात. २०१९ साली लॉर्ड्स कसोटीत मानेवर चेंडू लागल्यानंतर स्टीव्ह स्मिथ तपासण्या पार करून पुन्हा फलंदाजीला आला, आणि दुसऱ्या दिवशी लक्षणे दिसल्याने त्याच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला, हे क्रिकेट पाहणाऱ्यांना आठवत असेल. तेथे डॉक्टर हजर होते आणि तपासणी पद्धतशीर होती. आमच्याकडे तर गोलपोस्टजवळ, खेळ थांबलेला असताना, पंचांच्या घड्याळाखाली एका मिनिटात केलेली विचारपूस होती.

पहिले ७२ तास

दोन तासांनी मी तिला तपासले. २२ पैकी १५ लक्षणे होती आणि तीव्रता ४१ होती: डोके जड वाटणे, उजेड सहन न होणे, 'धुक्यात असल्यासारखे' वाटणे. ऐकवलेल्या १० शब्दांपैकी काही वेळाने तिला २ आठवले. बेसलाइनला ७ आठवले होते. तोलाच्या तपासणीत ११ चुका झाल्या, एरवी ४ होत्या. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलटी, झटके, हातापायांत अशक्तपणा, दुहेरी दिसणे किंवा मानेच्या मणक्यात दुखणे यांपैकी धोक्याचे काहीही नव्हते.

प्रशिक्षकांचा आग्रह होता की एकदा स्कॅन काढून घ्यावा, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल. ही अपेक्षा समजण्यासारखी आहे आणि ती इतक्या वेळा समोर येते की तिचे उत्तर सविस्तर दिले पाहिजे. सीटी स्कॅन कवटीतला रक्तस्राव आणि अस्थिभंग शोधतो. कन्कशनमध्ये बिघाड असतो तो पेशींच्या कामकाजात: हादऱ्याने चेतापेशींच्या आवरणातून पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते, तो समतोल परत आणण्यासाठी पेशींना नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच काळात रक्तपुरवठा कमी पडतो. हे स्कॅनमध्ये दिसत नाही, म्हणून बहुतेक कन्कशनमध्ये स्कॅन निर्दोष येतो आणि त्या निर्दोष चित्राचा 'खेळायला हरकत नाही' असा चुकीचा अर्थ लावला जातो. रक्तचाचणीचेही तसेच आहे. जीएफएपी आणि यूसीएच-एल१ या प्रथिनांच्या चाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये परवानगी दिली, पण ती प्रौढ रुग्णाला सीटी स्कॅनची गरज आहे का एवढेच ठरवायला मदत करते. खेळाडू मैदानात केव्हा परतेल याचे उत्तर तिच्यात नाही. आम्ही स्कॅन काढला नाही; घरच्यांना धोक्याच्या खुणा लिहून दिल्या आणि त्यांपैकी एकही दिसल्यास रात्री-अपरात्रीही रुग्णालयात न्यायला सांगितले.

पहिले दोन दिवस सापेक्ष विश्रांती दिली. घरात फिरणे आणि हलकी कामे चालू ठेवायची, मोबाइल व इतर पडदे शक्य तितके टाळायचे. अंधाऱ्या खोलीत लक्षणे पूर्ण जाईपर्यंत पडून राहण्याचा जुना सल्ला आता दिला जात नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला झालेल्या, खेळातील कन्कशनविषयीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले सहमतिपत्र २४ ते ४८ तासांच्या सापेक्ष विश्रांतीनंतर हळूहळू हालचाल वाढवायला सांगते.

तिसऱ्या दिवशी ईईजी केला. लहर ३७४ मिलिसेकंदांना आली, उंची ५.८ मायक्रोव्होल्ट. लक्षणांची तीव्रता २२ होती. ईईजी आणि लक्षणे एकच गोष्ट सांगत होती, त्यामुळे त्या दिवशी मोजमापाने नवे काही सांगितले नाही. मात्र त्या दिवशी आम्ही एक गोष्ट केली जिचा पुढे पश्चात्ताप झाला: आलेखाचे छायाचित्र तिच्या मोबाइलवर पाठवले, सोबत दोन ओळींचे स्पष्टीकरण दिले आणि विषय तेथेच सोडला.

पाचवा ते नववा दिवस

पाचव्या दिवशी ट्रेडमिल चाचणी घेतली. बफेलो विद्यापीठात विकसित झालेल्या या चाचणीत खेळाडू ठरावीक गतीने चालते, दर मिनिटाला चढ थोडा वाढवला जातो, आणि लक्षणे सुरुवातीच्या पातळीपेक्षा ३ गुणांनी वाढली की चाचणी थांबवून त्या क्षणीचे हृदयाचे ठोके नोंदवतात. तिच्या बाबतीत ते मिनिटाला १३४ होते. त्याच्या ८० ते ९० टक्के, म्हणजे १०७ ते १२१ ठोक्यांच्या मर्यादेत रोज २० मिनिटे व्यायाम सांगितला. या पद्धतीचा पुरावा चांगला आहे: २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका यादृच्छिक चाचणीत असा व्यायाम करणारे किशोरवयीन खेळाडू सरासरी (मध्यक) १३ दिवसांत बरे झाले, तर केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांना १७ दिवस लागले.

त्याच दिवशी डोळ्यांची तपासणी केली. जवळ येणाऱ्या वस्तूवर दोन्ही डोळे एकत्र रोखता यावेत यासाठी तिला वस्तू ११ सेंटिमीटर अंतरावरच लागत होती. त्याच्या आत आली की दोन दिसत. ५ सेंटिमीटरपर्यंतचे अंतर सामान्य मानतात. उंच चेंडूवर नजर ठेवून पुढे येणाऱ्या गोलरक्षकासाठी ही गोष्ट क्षुल्लक नाही. नजरेचे व्यायाम सुरू केले.

सातव्या दिवशी लक्षणांची तीव्रता ६ झाली आणि नवव्या दिवशी ० आली. तोलाच्या तपासणीत पुन्हा ४ चुका झाल्या.

पेच

सोळाव्या दिवशी बाद फेरीचा सामना होता. दहाव्या दिवशीच्या ईईजीमध्ये लहर ३४० मिलिसेकंदांना आली आणि उंची ८.९ मायक्रोव्होल्ट निघाली, म्हणजे बेसलाइनच्या किंचित पुढेच. खेळात परतण्याच्या सहा पायऱ्या असतात आणि प्रत्येकीला निदान २४ तास द्यावे लागतात. त्या हिशेबाने एकही दिवस न गमावता ती सोळाव्या दिवशी मैदानावर उतरू शकत होती.

प्रशिक्षक माझ्याकडे आले तेव्हा त्यांचे म्हणणे सरळ होते: "मॅडम, लक्षणं शून्य आहेत, तुमचं यंत्रही म्हणतंय की ती पहिल्यासारखी झाली. मग अडतंय कुठे?" प्रश्न रास्त होता. यंत्र आम्हीच आणले होते, खेळाडूच्या बोलण्यावर विसंबावे लागू नये म्हणून आणले होते, आणि आता ते 'खेळू द्या' म्हणत असताना हात आखडता घेणे विसंगत दिसत होते.

खरे सांगायचे तर त्या क्षणी माझ्याकडे ठोस उत्तर नव्हते. एवढेच खटकत होते की डोळ्यांच्या तपासणीतील सुधारणा संथ होती. म्हणून निर्णय देण्याआधी तिची संपूर्ण फाइल पुन्हा वाचली, आणि उत्तर आमच्याच कागदांत सापडले. बेसलाइनच्या दिवशीच्या लक्षणांच्या तक्त्यात तिने 'थकवा' आणि 'झोप येणे' यांना प्रत्येकी ३ आणि 'डोकेदुखी'ला १ गुण दिला होता. निरोगी खेळाडूची एकूण ७ ही तीव्रता काही फार नसते, म्हणून ती कोणाच्या नजरेत भरली नव्हती. फिजिओने जुनी वही काढली. संघ आदल्या रात्रभर प्रवास करून सकाळी पोहोचला होता आणि त्याच दुपारी सर्वांची बेसलाइन उरकली होती. खेळाडूला विचारले तेव्हा ती म्हणाली, "त्या रात्री मी जेमतेम चार तास झोपले असेन."

अपुऱ्या झोपेने पी-३०० लहर उशिरा येते आणि तिची उंची घटते, हे ईईजीच्या अभ्यासकांना चांगले ठाऊक आहे. म्हणजे दहाव्या दिवशी तिचा मेंदू पोहोचला होता तो थकलेल्या अवस्थेतील नोंदीपर्यंत. ताजीतवानी असताना तिचा आकडा काय असतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. तोलाच्या ४ चुका आणि आठवलेले ७ शब्द हेही त्याच दुपारचे होते. ज्या तीन तपासण्या एकमेकींना दुजोरा देत आहेत असे आम्ही मानत होतो, त्या तिन्ही एकाच सदोष दिवसावर उभ्या होत्या.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता तो आकडे आहेत तसे स्वीकारून सहा पायऱ्या सुरू करण्याचा. याच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच होते. अ‍ॅमस्टरडॅमच्या सहमतिपत्रात ईईजी, प्रगत एमआरआय किंवा रक्तातील प्रथिने यांना खेळात परतण्याच्या निर्णयाचा निकष मानलेले नाही. ती अजून संशोधनाची साधने आहेत. मग ईईजीची बेसलाइन चुकली म्हणून खेळाडूला अडवणे म्हणजे ज्या साधनाला प्रमाण मानायचे नाही त्याच्याच आधारे निर्णय घेणे होय, असा युक्तिवाद फिजिओने केला आणि तो मला आजही वजनदार वाटतो.

दुसरा पर्याय सरसकट थांबण्याचा होता: आणखी दोन आठवडे कोणतीही पायरी चढायची नाही. तो सुरक्षित वाटतो, पण त्यात व्यायाम थांबतो, खेळाडू संघापासून तुटते आणि चौदा दिवसांनीही प्रश्न तोच राहतो, कारण बेसलाइन काही आपोआप दुरुस्त होत नाही. शिवाय अशी सरसकट बंदी आली की पुढच्या वेळी खेळाडू लक्षणे लपवतात. एकीला शिक्षा झाल्यासारखे दिसले की बाकीच्या वीस जणी ते लक्षात ठेवतात.

संघाच्या व्यवस्थापनाकडून निरोगी तरुण खेळाडूंच्या सर्वसाधारण आकड्यांशी तुलना करण्याची सूचना आली. ती लगेच बाजूला ठेवली. पी-३००ची वेळ आणि उंची माणसागणिक इतकी बदलते की एखादीचा आजारातला आकडा दुसरीच्या निरोगी आकड्यापेक्षा चांगला असू शकतो. बेसलाइन घेतात ती याच कारणासाठी.

उरलेला पर्याय असा, की ज्या तपासणीला बेसलाइन लागतच नाही तिच्याकडे वळायचे. ट्रेडमिल चाचणीत तुलना दोन दिवसांची नसते. त्याच खेळाडूची, त्याच तासातील, श्रमाआधीची आणि श्रमानंतरची असते. डोळ्यांच्या तपासणीलाही ५ सेंटिमीटरचा स्वतंत्र मापदंड आहे. आम्ही हा पर्याय निवडला.

केलेली कारवाई

अकराव्या दिवशी पुन्हा ट्रेडमिल चाचणी झाली. १५८ ठोक्यांवर कपाळात दाब जाणवू लागला, मिनिटभरात तो वाढला आणि चाचणी थांबवावी लागली. नजर रोखण्याचे अंतर अजून ८ सेंटिमीटर होते. बसल्या जागी शून्य असलेली लक्षणे धावल्यावर परत येत होती. चौथी आणि त्यापुढील पायरी सुरू करण्याआधी लक्षणे आणि तपासणीतील दोष श्रमानंतरही पूर्णपणे गेलेले असावेत, ही सहमतिपत्रातील अट येथे स्पष्टपणे पूर्ण होत नव्हती. सोळाव्या दिवसाचा सामना गेला.

तिला हे सांगणे अवघड गेले. "पण आलेख तर बेसलाइनला आला ना? तुम्हीच पाठवलात," असे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिने दोन्ही आलेख जपून ठेवले होते, एकमेकांवर ठेवून पाहिले होते आणि मनाने ती सामना खेळूनही झाली होती. चार तासांच्या झोपेची गोष्ट समजावल्यावर ती शांत झाली, पण पटायला दोन दिवस लागले. व्यायामाची मर्यादा मात्र त्याच दिवशी १२६ ते १४२ ठोक्यांपर्यंत वाढवता आली, त्यामुळे 'थांब' एवढेच ऐकून ती घरी गेली नाही. पुढचा आठवडा तिला काहीतरी करायचे होते आणि ते दर दिवशी थोडे वाढत होते, याचा तिच्या मनावर झालेला परिणाम कोणत्याही आकड्यात बसत नाही.

अठराव्या दिवशी ती ट्रेडमिलवर १८९ ठोक्यांपर्यंत गेली आणि थांबली ती पाय थकल्यामुळे. लक्षणे अजिबात आली नाहीत. नजरेचे अंतर ५ सेंटिमीटर झाले. तिसरी पायरी, म्हणजे एकटीने करायचा खेळाशी निगडित सराव, निर्विघ्न पार पडली. विसाव्या दिवशी पुढे जाण्याआधी ईईजी केला आणि दुसरा पेच उभा राहिला: लहर ३४९ मिलिसेकंदांना आली, उंची ८.१. दहाव्या दिवसापेक्षा आकडे वाईट होते.

आता परिस्थिती उलटली होती. आधी यंत्र 'हो' म्हणत होते आणि शरीर 'नाही'; आता शरीराच्या सर्व तपासण्या 'हो' म्हणत होत्या आणि यंत्र 'नाही'. लक्षणे गेल्यानंतरही मेंदूच्या कार्यातील बदल काही काळ टिकतात, असे अनेक संशोधनांत दिसले असल्याने हा आकडा झटकून टाकणे योग्य नव्हते. त्याचबरोबर बेसलाइनने एकदा हात पोळले असल्यामुळे यावेळी आधी त्या दिवसाची चौकशी केली. दोन दिवसांपासून तिला सर्दी होती, नाक बंद असल्याने झोप नीट लागत नव्हती आणि आदल्या रात्री तिने झोप आणणारी अ‍ॅलर्जीची गोळी घेतली होती. या गोळ्यांची गुंगी दुसऱ्या दिवशीपर्यंत रेंगाळू शकते आणि पी-३०० लहर तिने मंदावते.

गोळीनेच आकडा बिघडला, असे छातीठोकपणे सांगता येत नव्हते. म्हणून मधला मार्ग काढला. चौथी पायरी, म्हणजे शारीरिक टक्कर नसलेला सांघिक सराव, तपासण्यांच्या आधारे सुरू केली. पाचवी, म्हणजे टक्करीसह पूर्ण सराव, ईईजी पुन्हा होईपर्यंत रोखली. यामागचा हिशेब साधा होता: चौथ्या पायरीवर चूक झाली तर फार तर डोकेदुखी परतेल, पाचव्या पायरीवर चूक झाली तर अर्धवट सावरलेल्या मेंदूवर दुसरा हादरा बसू शकतो. या वेळी तिला आलेख दाखवला नाही. 'सर्दीत घेतलेली नोंद आपण धरणार नाही, बरी झालीस की पुन्हा घेऊ' एवढे समोर बसवून सांगितले.

निष्पत्ती

चोविसाव्या दिवशी, गोळी बंद करून चार दिवस झालेले आणि रात्री आठ तास झोप झालेली असताना, लहर ३१४ मिलिसेकंदांना आली आणि उंची १२.६ मायक्रोव्होल्ट निघाली. बेसलाइनपेक्षा हे आकडे बरेच चांगले होते, आणि बेसलाइनविषयीची शंका खरी होती याचे ते पहिले चिन्ह होते. पंचविसाव्या दिवशी टक्करीचा सराव सुरू झाला. एकतिसाव्या दिवशी ती पूर्ण सामना खेळली. नंतरच्या सहा महिन्यांत लक्षणे परतली नाहीत. कन्कशननंतरच्या वर्षभरात पायाच्या सांध्यांच्या व स्नायूंच्या दुखापतींचे प्रमाण वाढलेले आढळते, म्हणून त्या काळात तिच्या तोलाचा व उडी मारून उतरण्याचा सराव फिजिओने चालू ठेवला. अशी दुखापत झाली नाही.

ती सोळाव्या दिवशी खेळली असती तर अनर्थ झाला असता, असा दावा या एका प्रकरणावरून करता येत नाही. कदाचित काहीच झाले नसते. आमच्या निर्णयाचा आधार इतकाच आहे की अकराव्या दिवशी ती श्रमाखाली बरी नव्हती आणि ते आम्हाला दिसले. बाद फेरीचा सामना संघ हरला आणि त्याचा राग काही आठवडे आमच्या वाट्याला आला, हेही नोंदवले पाहिजे, कारण ज्यांना असे निर्णय घ्यायचे आहेत त्यांना त्याची किंमत आधी ठाऊक असावी.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक बेसलाइनच्या दिवसाची होती, आणि ती आळसातून घडली नव्हती. सगळा संघ एका जागी सापडतो असे दिवस थोडे असतात, म्हणून मिळालेल्या दुपारी काम उरकले गेले. आता प्रत्येक खेळाडूची ईईजी बेसलाइन निदान दोन वेगवेगळ्या दिवशी घेतो आणि दोन्हींत मोठा फरक आला तर तिसऱ्यांदा. प्रत्येक नोंदीबरोबर आदल्या रात्रीची झोप, प्रवास, चहा-कॉफी, औषधे, सर्दी-ताप आणि दिवसाची वेळ लिहिली जाते, आणि कन्कशननंतरची मोजणीही शक्यतो त्याच वेळी होते. लक्षणांच्या तक्त्यात थकवा किंवा झोप येणे यांना २पेक्षा जास्त गुण असतील तर त्या दिवशीची नोंद धरत नाही. ही माहिती तेव्हाही आमच्या हातात होती. फक्त वाचली गेली नव्हती.

मैदानावरील सहा मिनिटांबाबत नियम सरळ केला आहे. डोक्याला मार लागून खेळाडू गोंधळलेली, बसून राहिलेली किंवा अडखळलेली दिसली की ती बाहेर येते, आणि त्या दिवशी परत जात नाही. प्रश्नांची उत्तरे बरोबर आली तरी हा निर्णय बदलत नाही. फुटबॉलच्या नियमांत २०२४ पासून कन्कशनसाठी जादा कायमस्वरूपी बदली खेळाडू देण्याची मुभा स्पर्धांना मिळाली आहे. ज्या स्पर्धांनी ती स्वीकारली आहे तेथे फिजिओवरचा ताण पुष्कळ हलका होतो, कारण बदल्या संपतील ही भीती राहत नाही.

कोणत्या मोजमापाला किती वजन द्यायचे हे आम्ही प्रसंग आल्यावर, सामन्याच्या तारखेकडे पाहत ठरवले. ते हंगामाआधी लिहून ठेवायला हवे होते आणि प्रशिक्षकांना त्याच वेळी दाखवायला हवे होते. सध्या ठरलेले असे आहे: ईईजी खेळाडूला रोखू शकतो, फार तर पाचव्या पायरीआधी आणि पुन्हा मोजणी होईपर्यंत; पुढची पायरी मात्र तो एकटा उघडू शकत नाही. ती उघडते लक्षणे, श्रमाची चाचणी, डोळे आणि तोल यांच्या एकत्रित तपासणीने. फिजिओच्या मते ईईजीला एवढा अधिकारही जास्त आहे. आमचा हा मतभेद मिटलेला नाही आणि पुढच्या काही प्रकरणांच्या नोंदी पाहूनच तो मिटेल.

आलेख मोबाइलवर पाठवणे बंद केले आहे. खेळाडूला स्वतःच्या मेंदूविषयी जाणून घेण्याचा अधिकार आहेच, पण तो आकडा समोर बसून, त्या दिवसाच्या परिस्थितीसह आणि त्यातून काय कळत नाही हे सांगूनच दिला जातो. दहाव्या दिवशी आमच्यापुढचा सर्वांत कठीण भाग वैद्यकीय नव्हताच. आम्हीच तिच्या हाती दिलेला आलेख तिच्या मनातून काढणे हा तो भाग होता.

पुढच्या हंगामाच्या बेसलाइनसाठी ही खेळाडू आली तेव्हा डोक्याला इलेक्ट्रोड लावण्याआधी तिने स्वतःहून सांगितले की आदल्या रात्री तिची झोप नीट झालेली नाही. त्या दिवशी तिची नोंद घेतली नाही. नंतर आठवड्याच्या अंतराने दोनदा घेतली: ३०९ मिलिसेकंद आणि १३.१ मायक्रोव्होल्ट, मग ३१३ मिलिसेकंद आणि १२.४. जुना ३४२चा कागद फाइलमध्ये तसाच ठेवला आहे. त्यावर तारखेशेजारी 'रात्रीचा प्रवास, चार तास झोप' असे लाल शाईने लिहिले आहे.